जुन्या किल्ल्यातलं लष्करी संग्रहालय कसं पाहावं: आधी तट, मग दालनं, मग पुन्हा तट

किल्ल्यातलं लष्करी संग्रहालय पाहून आलेल्या माणसाला "काय पाहिलंत?" असं विचारलं, की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं: "तलवारी होत्या, तोफा होत्या, चालून चालून पाय दुखले." दोष त्या माणसाचा नाही, पाहण्याच्या क्रमाचा आहे. दरवाज्यातून शिरायचं, थेट पहिल्या दालनात पहिल्या फलकापासून वाचायला लागायचं, तिसऱ्या-चौथ्या दालनात दमायचं आणि उतरता उतरता तटावर चार फोटो काढायचे. अशा पाहण्यात किल्ला नुसता फोटोंमागचा पडदा होऊन बसतो आणि काचेआडच्या वस्तू एकमेकींपासून तुटतात.

तट किती जाड बांधायचा हे समोरच्या तोफेने ठरवलं. दोन बुरुजांमध्ये अंतर किती ठेवायचं हे शिपायाच्या हातातल्या बंदुकीने ठरवलं. त्यामुळे तट न पाहता बंदूक पाहिली तर निम्मीच कळते, आणि बंदूक न पाहता तट पाहिला तर तोही निम्माच. पुढचा सगळा क्रम याच एका गोष्टीवर बेतलेला आहे. साडेचार-पाच तास हाताशी ठेवा. दोनच तास असतील तर काय गाळायचं तेही सांगतो.

## टप्पा १: निघण्याआधी वेळा आणि तिकिटं

सगळ्यात जास्त फजिती इथेच होते, कारण किल्ल्याची वेळ आणि संग्रहालयाची वेळ एकच असेल असं आपण धरून चालतो. सर्बियाच्या राजधानीतला, बेलग्रेडचा कालेमेगदान किल्ला घ्या. तिथलं किल्ल्याचं आवार म्हणजे खुली बाग आहे, रात्रीही माणसं फिरत असतात. आतलं लष्करी संग्रहालय मात्र ठरलेल्या वेळेतच उघडं असतं आणि सोमवारी बंद. दिल्लीचा लाल किल्लाही सोमवारी बंद असतो. आठवड्याची सुट्टी, सणाची सुट्टी आणि सरकारी समारंभामुळे आवार बंद राहण्याचे दिवस, हे तिन्ही संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहा. नकाशाच्या ॲपवरच्या वेळांवर विसंबू नका.

दुसरी गोष्ट तिकिटांची. एकाच किल्ल्यात एकाहून जास्त लष्करी संग्रहालयं असू शकतात. स्कॉटलंडमधल्या एडिंबराच्या किल्ल्यात राष्ट्रीय युद्ध संग्रहालय आहे आणि पलटणींची संग्रहालयं वेगळी आहेत. तिथे किल्ल्याच्या तिकिटात युद्ध संग्रहालय येतं. काही ठिकाणी मात्र आवाराचं तिकीट खाली दरवाज्यावर आणि संग्रहालयाचं वर वेगळं काढावं लागतं. वर पोचल्यावर हे कळलं, तर रांगेत अर्धा तास जातो.

तपासा: शेवटचा प्रवेश किती वाजता? हा बंद होण्याच्या वेळेच्या बराच आधी असतो. कोणती दालनं दुरुस्तीसाठी बंद आहेत? तुम्ही ज्या वस्तूसाठी चालला आहात ती सध्या मांडलेली आहे का? झेंडे, गणवेश, कागदपत्रं यांना काही काळ उजेडापासून विश्रांती देतात, त्यामुळे ती आलटून पालटून मांडली जातात.

## टप्पा २: सोबत काय घ्यायचं, काय नाही

बूट आधी पाहा. शतकानुशतकं पायांखाली घासलेला दगड कोरडा असतानाही गुळगुळीत लागतो, मग पावसात तर विचारायलाच नको. रबरी तळव्याचे, जुने, पायात बसलेले बूट हवेत. उन्हाळ्यातही एक पातळ जाकीट ठेवा. पुष्कळशी दालनं तटाच्या पोटातल्या कमानदार कोठड्यांत किंवा जुन्या दारूकोठारात असतात. भिंती दोन-तीन मीटर जाड, खिडक्या नावाला, आणि बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर अंगावर काटा येतो.

पिशवी लहान ठेवा. अरुंद दालनात मोठी सॅक पाठीवर असेल तर ती पुढे घ्यायला सांगतात किंवा खाली ठेवून यायला लावतात. एका किल्ल्यात मी सगळा चढ चढून संग्रहालयाच्या दारात पोचलो आणि सॅक ठेवण्याची सोय पहिल्या दरवाज्यापाशी आहे असं तिथे कळलं. उतरून पुन्हा चढण्यात सकाळची उमेद तिथेच संपली.

वडीलधारे सोबत असतील तर गाडीची किंवा लिफ्टची सोय आहे का, हे आधी विचारून ठेवा. माझ्या वडिलांचे गुडघे दुखतात. ते एका चढावर चार वेळा बसले, आणि वर गेल्यावर दिसलं की चालायला त्रास असणाऱ्यांसाठी लहान गाडी खालून सुटते. पाटी होती, पण आम्ही विचारलंच नव्हतं.

एक लहान वही आणि पेन्सिल घ्या. ती कशासाठी, ते पुढच्याच टप्प्यात येतं.

सावध: पुष्कळ जुन्या किल्ल्यांत आजही लष्कराचा वावर असतो. ड्रोन घरी ठेवा. पहारा, कुंपण, अँटेना असलेल्या भागाकडे कॅमेरा वळवण्याआधी पाटी वाचा.

## टप्पा ३: आत शिरण्याआधी बाहेरून फेरी

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कळतं ते इथेच. चाळीस मिनिटं द्या.

१. खंदकाच्या बाहेरच्या काठावर, म्हणजे हल्ला करणारा जिथे पोचला असता तिथे, उभे राहा आणि तटाकडे पाहा. तट उंच, सरळ, तुलनेने पातळ आणि बुरूज गोल किंवा चौकोनी असतील, तर मूळ आखणी बहुधा तोफा भारी होण्याआधीची. तट बुटका, जाड, बाहेरून तिरका, मागे मातीचा भराव आणि बुरूज बाणाच्या फाळासारखे टोकदार असतील, तर तो तोफांशी झुंजण्यासाठी बांधलेला किंवा सुधारलेला. एकाच किल्ल्यात दोन्ही दिसले तर नवल नाही. जुन्या तटाला नवा अंगरखा चढवणं सर्वत्र झालं आहे.

२. तटातल्या भोकांकडे पाहा. अरुंद उभ्या जंग्या बाणासाठी किंवा बंदुकीसाठी. आत अरुंद आणि बाहेर फाकत गेलेल्या रुंद खिडक्या तोफेसाठी. त्यांची तोंडं कुठे वळली आहेत ते बघा. कित्येक खिडक्या समोर पाहतच नाहीत, त्या शेजारच्या बुरुजाच्या पायथ्याकडे रोखलेल्या असतात. तटाला चिकटलेल्या शत्रूला त्याच तटावरून मारता येत नाही, त्याला बाजूच्या बुरुजावरून टिपावं लागतं. टोकदार बुरुजांची सगळी भूमिती या एका अडचणीतून निघाली.

३. आता पावलं मोजा. एका बुरुजाच्या कुशीपासून, म्हणजे तो तटाला मिळतो त्या कोपऱ्यापासून, शेजारच्या बुरुजाच्या टोकापर्यंत चालत जा. थेट चालता येत नसेल तर तटाला समांतर चाला. पावलांचा आकडा वहीत लिहा. मोठ्या माणसाचं पाऊल साधारण पाऊण मीटर धरलं, की मीटर निघतात. हा आकडा दालनात आणि नंतर तटावर लागणार आहे.

४. मग दरवाजा. वाट सरळ आत जाते की वळून? वळणावर उभे राहून वर पाहा, तुमच्यावर किती बाजूंनी मारा होऊ शकला असता ते मोजा. दाराच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीत अडसर सरकवण्याची चौकोनी भोकं शोधा. कडांवरची झीज हात न लावताही दिसते. देवडीत पहारेकरी बसायचे त्या जागेवरून दाराकडे पाहा.

सावध: गोल जिना घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने चढतो तो उजव्या हाताने लढणाऱ्या रक्षकाच्या सोयीसाठी, असं जवळपास प्रत्येक किल्ल्यात ऐकायला मिळतं. उलट्या दिशेचे जिनेही भरपूर सापडतात, आणि अभ्यासकांनी ही समजूत ग्राह्य धरलेली नाही. ऐका, पण वहीत लिहू नका.

वेळ कमी असेल तर दुसरा आणि तिसरा मुद्दा तेवढा करा. ते मात्र टाळू नका.

## टप्पा ४: दालनांत पहिली फेरी, काहीही न वाचता

बहुतेक संग्रहालयांची मांडणी कालक्रमाने असते. पहिल्या दोन दालनांत भाल्यांची टोकं आणि गंजलेली पाती, आणि आपण ताजेतवाने असल्याने तिथेच तासभर देतो. एका ठिकाणी मी असाच पहिल्या मजल्यावर रमलो. ज्या वेढ्यासाठी गेलो होतो त्याची प्रतिकृती शेवटच्या दालनात होती, आणि मी पोचलो तेव्हा तिथले दिवे मालवत होते.

म्हणून आधी पंचवीस मिनिटांत सगळी दालनं पायाखालून घाला. फलक वाचायचे नाहीत. ज्या वस्तूपाशी पाय आपोआप थांबतील त्यांची नावं वहीत टिपा. शेवटपर्यंत गेलात की त्यातल्या पाच-सहा निवडा. एक बंदूक, एक तोफ आणि या किल्ल्यातच सापडलेली किंवा वापरलेली एक तरी वस्तू त्यांत असू द्या. मग त्यांच्याकडेच परत जा.

दालन अंधारलेलं वाटलं तर दोन मिनिटं थांबा, डोळे सरावतील. कापड आणि कागद जपण्यासाठी उजेड साधारण ५० लक्स (उजेड मोजायचं एकक) इतकाच मंद ठेवतात. फ्लॅश आणि मोबाइलची विजेरी इथे कधीच नको. पोलादाला बोटही नको. घामातल्या क्षाराने उमटलेला बोटाचा ठसा पुढे गंजाचा डाग होतो.

गर्दीचंही गणित असतं. एडिंबराच्या किल्ल्यात १८६१ पासून दुपारी एक वाजता तोफ डागतात, रविवार, गुड फ्रायडे आणि नाताळ सोडून. एकच्या आधी सगळी गर्दी तोफेकडे सरकते आणि दालनं मोकळी होतात. तोफ पाहायची की शांत दालनं, हे सकाळीच ठरवा. दोन्हींच्या मागे धावलात तर दोन्ही निसटतात.

सोबत मुलं असतील तर: जखमींचे, छावण्यांचे फोटो कोणत्या दालनात आहेत ते या पहिल्या फेरीत कळतं. ते दाखवायचे की नाही, ते दारात उभं राहून ठरवण्यापेक्षा आधीच ठरवा.

## टप्पा ५: वस्तू वाचायची कशी

आधी पाटी. पाटीवर तीन वेगळी सालं असू शकतात: वस्तू घडवल्याचं, वापरल्याचं आणि संग्रहालयात आल्याचं. "प्रतिकृती", "नंतर जोडलेली मूठ", "यांची असल्याचं मानलं जातं" हे शब्द लहान टायपात असतात, ते आधी शोधा. लंडनच्या टॉवरमध्ये राजांच्या चिलखतांची रांग शतकानुशतकं दाखवली जाते. तिथे जुन्या काळी अकराव्या शतकातला इंग्लंडचा राजा विल्यम द कॉन्करर म्हणून जे चिलखत उभं होतं, ते त्याच्या मृत्यूनंतर काही शतकांनी घडलेलं होतं. १९व्या शतकात जाणकारांनी ही मांडणी सुधारली. पाटीही चुकू शकते, हे लक्षात ठेवून पाहा.

तोफ. चार जागा पाहायच्या.

मागच्या बाजूला वर बत्ती द्यायचं छिद्र असतं, तो तोफेचा कान. त्यात रंजक, म्हणजे पेट घेणारी बारीक दारू, भरून पेटवत. कान धातूने बुजलेला दिसला तर थबका. तोफ शत्रूच्या हाती जाणार असं दिसलं की कानात खिळा ठोकून ती निकामी करत.

मग दोन्ही बाजूंना आडवे निघालेले दांडगे ठोकळे पाहा. तोफ त्यांच्यावर तोलली जाते आणि वर-खाली होते. ओतशाळेची खूण आणि साल पुष्कळदा या ठोकळ्यांच्या तोंडावर असतं, आणि लोक ते नळीवर शोधत बसतात.

तिसरी जागा नळीवरचे आकडे. ब्रिटिश तोफेवर "२४-२-१४" असं काही कोरलेलं दिसलं, की ते अनुक्रमांक किंवा तारीख वाटते. ते वजन आहे: हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड. हंड्रेडवेट ११२ पौंडांचा, क्वार्टर २८ पौंडांचा. २४ गुणिले ११२ म्हणजे २६८८, त्यात ५६ आणि १४ मिळवले की २७५८ पौंड, म्हणजे सुमारे १२५० किलो. तिथेच उभं राहून हा हिशेब करा. एवढं धूड या चढावरून कुणी आणि कसं ओढून आणलं असेल, हा प्रश्न मग आपसूक पडतो.

चौथी जागा तोंड आणि नळीचा पोत. एडिंबराची मॉन्स मेग ही १४४९ साली घडलेली प्रचंड तोफ. ती ओतलेली नाही. लांब लोखंडी पट्ट्या शेजारी शेजारी लावून त्यांवर लोखंडी कडी तापवून बसवली आहेत, लाकडी पिंप बांधावं तशी. १६८०-८१ च्या सुमारास सलामी देताना तिची नळी फुटली. फोटो बहुतेकजण तोंडासमोर उभं राहून काढतात, पण बाजूला जाऊन फुटलेली जागा पाहा. बांधणी तिथेच उघडी पडली आहे.

बंदूक. नळी सोडा, आधी चाप आणि कळ पाहा. जळती वात धरणारा वाकडा चिमटा असेल तर ती तोड्याची बंदूक. पावसात ती कुचकामी, आणि रात्री वातीची ठिणगी शत्रूला दिसायची. गारगोटी धरणारा जबडा आणि समोर पोलादी पत्रा असेल तर चकमकीची. नुसता हातोडा आणि त्याखाली टोपी (आपटली की पेटणारी स्फोटक टिकली) बसवायची बारीक नळी असेल तर टोपीची. मागून उघडणारी असेल तर काडतुसाची. एकदा हे चार ओळखता आले, की पन्नास बंदुकांची भिंतही डोळ्यांपुढे चार गटांत लागते.

मग नळीच्या तोंडात डोकावा. आतून गुळगुळीत की मळसूत्रासारखे आटे? गुळगुळीत नळीतली गोळी दोन-अडीचशे मीटर पोचायची, पण एका माणसावर नेम शंभरेक मीटरपुढे धरत नसे. हा आकडा वहीत पावलांच्या आकड्याशेजारी लिहा.

पातं आणि चिलखत. तलवारीची नक्षी सगळेच पाहतात. तुम्ही धारेवरचे खाचे पाहा, मुठीवरची झीज पाहा, परज, म्हणजे हाताला वाचवणारी मुठीची पट्टी, वाकलेली आहे का पाहा. ज्या तलवारीवर काहीच नाही ती बहुधा दरबारात मिरवली, रणात गेली नाही. कट्यारीचं टोक जाड आणि भरीव का, हे शेजारच्या कड्यांच्या चिलखतासमोर उभं राहिलं की कळतं: कडी फोडून आत शिरायचं तर टोकात ताकद हवी. चिलखताची एकच कडी निवडा आणि तिच्यात शेजारच्या किती अडकल्या आहेत ते मोजा. बहुतेकदा चार. प्रत्येक कडीला बारीक रिव्हेट असेल तर एका अंगरख्यामागे किती महिन्यांचे हात आहेत ते मनात येतं.

गणवेशांपाशी मी जास्त वेळ थांबतो. बाहीची लांबी, कंबरेचा घेर, कोपरावरची रफू. आत अठरा-वीस वर्षांचं कुणाचं तरी पोर होतं.

## टप्पा ६: गाइडची गोष्ट कशी पारखायची

गाइड घ्यावा. दगडावरची खूण त्याला ठाऊक असते. पण आकडे स्वतः तपासा. जयपूरच्या जयगडावर जयबाण तोफ आहे, १७२० साली तिथल्याच ओतशाळेत घडवलेली, वजन ५० टन सांगतात. तिचा गोळा ३५ किलोमीटरवर पडला आणि तिथे तळं झालं, ही गोष्ट आवर्जून ऐकवतात. हिशेब करा. काळ्या दारूच्या तोफेतून गोळा सेकंदाला ५०० मीटर वेगाने सुटला असं उदार मनाने धरलं आणि हवेचा अडथळा शून्य मानला, तरी तो साधारण २५ किलोमीटरच जाईल. प्रत्यक्षात हवा त्यातलं बरंचसं खाते. त्याने तोफेचं मोठेपण कमी होत नाही. डोंगरावर भट्टी लावून एवढी नळी घडवणाऱ्यांचं कसब खऱ्या मापातही थक्क करतं.

तपासा: "हे कशावरून कळलं?" असा प्रश्न आदराने विचारा. चांगला गाइड खूश होतो आणि एखादी खूण दाखवतो.

## टप्पा ७: पुन्हा तटावर

दालनांतून निघालात की थेट बाहेर जाऊ नका. तासभर राखून ठेवलेला असू द्या, निदान वीस मिनिटं तरी. कालेमेगदानवर संग्रहालयाच्या तोफा आणि रणगाडे तटांमधल्या कोरड्या खंदकात मांडले आहेत. लोक वरून रणगाडे पाहतात, खंदक पाहायचा राहून जातो. त्याच तटाच्या कडेला गेलं की सावा आणि डॅन्यूब यांचा संगम समोर येतो. १४५६ आणि १७१७ चे वेढे इथेच का पडले, याचं उत्तर फलकात सापडत नाही, या कठड्यावर दोन नद्या एकत्र दिसल्या की सापडतं.

आता वही उघडा आणि सकाळी ज्या बुरुजाच्या कुशीपासून पावलं मोजली, बरोबर त्याच जागी फांजीवर, म्हणजे तटावरच्या चालायच्या वाटेवर, उभे राहा. समोरच्या बुरुजाच्या टोकाकडे पाहा. तुमचा आकडा दोन-अडीचशे मीटरच्या आत आला असेल, तर आखणाऱ्याने बंदुकीचा टप्पा डोळ्यांपुढे ठेवून रेघ ओढली होती. फ्रान्समध्ये किल्ले आखणारा अभियंता वोबाँ याच्या काळी हाच विचार होता. अंतर त्याहून पुष्कळ जास्त असेल तर बुरुजावर तोफांची भिस्त होती का, हे पाहायला खिडक्यांची रुंदी मोजा. अंतर पन्नास-साठ मीटरच असेल तर तट बाणांच्या काळचा असण्याचा संभव मोठा.

मग खाली कुणी पर्यटक त्या टोकापाशी उभा असेल तर त्याच्याकडे नीट पाहा. चेहरा ओळखू येतो का? हात हलवला तर दिसतो का? दालनातली ती बंदूक हातात धरलेल्या शिपायाला एवढंच दिसत होतं, तेही धुरातून.